धंदाही चालावा अन् गावही: छोट्या दुकानदारांचे नेहमीचे प्रश्न

तालुक्याच्या बाजारात, बचत गटाच्या मीटिंगमध्ये, चक्कीवर पीठ होईपर्यंत बसल्या बसल्या लोक आम्हाला जे विचारतात ते सगळं इथं एका जागी टाकलंय. पूर्ण वाचायची गरज नाही, आपल्या धंद्याचं तेवढं बघा. किराणा, नाश्ता, गॅरेज, कृषी केंद्र, चक्की, बांबूकाम, कापूस खरेदी असं सगळं मिसळून आहे, क्रम काही विशेष लावलेला नाही.

हे पर्यावरण-बिर्यावरण मोठ्या कंपन्यांचं काम आहे ना? आमच्या टपरीचा काय संबंध बा?

मोठ्यांचं काम आहेच, अन् थर्मलच्या चिमणीतल्या धुराचा हिशोब कोणी तुमच्या चहाच्या टपरीला मागणार नाही. पण तुमच्या दुकानामागची नाली तुमच्याच पन्न्यांनी, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी, तुंबते, तुमच्या गॅरेजचं काळं ऑइल तुमच्याच विहिरीकडे मुरते, अन् तुमच्याकडचं पोट्टं उन्हात चक्कर येऊन पडलं तर दवाखान्यात तुम्हालाच न्यावं लागते. म्हणून आम्ही जगाच्या गोष्टी सांगत नाही, दुकानाच्या शंभर पावलांच्या आतलं बोलतो. त्यातलं अर्धंअधिक तर सरळ गल्ल्यातून गळणारा पैसा थांबवणं आहे. उरलेल्यात मात्र पैसा मिळत नाही, उलट थोडा लागतो, ते पण करावं लागते. कुठं फायदा आहे अन् कुठं नाही ते आम्ही ज्याच्या त्याच्या जागी स्पष्ट लिहिलं आहे, उगाच सगळं गोड करून नाही सांगत.

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड वाटते, खरं की नाही?

उलट आहे भाऊ. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तो आपल्या वर्ध्यात, मगनवाडीत, अन् त्याचं काम पाहिलं जे. सी. कुमारप्पांनी. गावातला कच्चा माल गावात वापरा, घाणीचं तेल, हातसडीचे तांदूळ, हातकागद, शेणामुताचं खत, निसर्गानं जे दिलं ते पुन्हा भरून निघेल एवढंच घ्या, हे सगळं तेव्हाच इथं बोलून अन् करून झालं. १९३८ पासून मगन संग्रहालय आहे, पोरांना घेऊन एकदा जाऊन या. आज त्याच मगनवाडीत केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. आता ‘सस्टेनेबल’ म्हटलं की लोक सूट-बूटवाल्याचं भाषण समजतात, त्याला आपण काय करणार.

ठीक आहे, पण सुरुवात कुठून करू?

एक वही घ्या. महिन्याचे विजेचे युनिट (रुपये नाही, युनिट, कारण दर बदलत राहतात), किती सिलिंडर लागले, टँकर घेतला असेल तर किती, किती माल खराब होऊन फेकला, पन्नीवर किती खर्च झाला. बस एवढंच. दोन-तीन महिने झाले की तुम्हालाच दिसते की पैसा कुठून जाऊन राहिला. किराणावाल्याला नेहमी वाटते की वीज जास्त जाते, अन् वही लिहिली की पन्नी अन् घुशी-उंदरांचं नुकसान वर निघते.

विजेचं बिल कमी कसं होईल? नवीन काही घ्यावं लागेल का?

पहिले जे आहे ते नीट करा. फ्रीज किंवा डीप फ्रीजरच्या दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा, नोट अलगद ओढून निघाली तर रबर गेलं समजा, थंडावा रात्रंदिवस बाहेर जात आहे. रबर बदलायला फार पैसे लागत नाहीत. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागं हात जाईल एवढी जागा सोडा, अन् मागच्या जाळीवरची धूळ झटका, कापसाच्या हंगामात तर तिथं गादीच जमते.

मग पंखा. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो, नवीन बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. युनिट १० रुपये धरलं तर एका पंख्यामागं १६० रुपये, अन् आपल्याकडे पंखा वर्षातले आठ-नऊ महिने तर फिरतोच. म्हणजे दोनेक वर्षात पंख्याचे पैसे निघतात. पण जो पंखा दिवसातून दोनच तास चालते तो बदलू नका, तिथं काही हिशोब बसत नाही. जुना ६० वॅटचा बल्ब कुठं गोडाऊनमध्ये लटकत असेल तर तो मात्र आजच काढा, ९ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देते.

माझी पिठाची चक्की आहे, मोटरच १० एचपीची, मी काय वाचवणार?

सगळ्यात जास्त तुम्हीच वाचवू शकता. १० एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट, अन् बहुतेक चक्क्या एका पायलीच्या दळणासाठी सुरू होतात, मग बंद, मग परत सुरू. सकाळी दोन तास अन् संध्याकाळी दोन तास असा टाइम ठरवा, डबे जमू द्या, गहू झाला की ज्वारी, मग बेसन, असं लागोपाठ दळा. बायका आठ दिवस कुरकुर करतात मग सवय होते. पट्टा ढिला असेल तर घसरते, वास येते, मोटर फुकट फिरते. दगडाला टाकी वेळेवर लावा, बोथट दगडात पीठ गरम होते अन् वीजही जास्त जाते, गरम पिठाच्या भाकरीला चव नाही राहत ते गिऱ्हाईक सांगतेच. मोटरला कपॅसिटर नीट आहे का ते वायरमनकडून चेक करा.

अन् आकडा टाकला असेल तर आधी तो काढा. पुढच्या कोणत्याही गोष्टीला मग अर्थ आहे.

सोलर लावू का? ते सबसिडी आहे म्हणतात, ७८ हजार.

ती सबसिडी पीएम सूर्य घर योजनेची आहे, फेब्रुवारी २०२४ पासूनची, अन् ती घरगुती मीटरसाठी आहे. १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ अन् त्याच्या वर ७८ हजार. दुकानाचं कमर्शियल मीटर त्यात बसत नाही, कोणी एजंट बसवून देतो म्हणत असेल तर ॲडव्हान्स देऊ नका. पुढं दुकान अन् मागं घर असेल अन् घराचं मीटर वेगळं असेल तर घरावर लावा, ते चालते, पण घरच्या मीटरवरून दुकान चालवायचं नाही.

दुकानावर सबसिडीशिवाय लावायचं तर हिशोब असा की १ किलोवॅटला अंदाजे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते अन् दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. दिवसा वीज खाणारा धंदा असेल, जसं चक्की, दाल मिल, कोल्ड्रिंकचं दुकान, तर नेट मीटरिंगसोबत (म्हणजे उरलेली वीज लाइनीत जाऊन बिलातून वजा होते) परवडू शकते. संध्याकाळी दोन तास उघडणाऱ्या दुकानाला नाही. लोकांना वाटते आपल्याकडे मे महिन्यात आग बरसते म्हणजे वीज पण भरपूर बनणार. तसं होत नाही, पॅनल जितकं तापते तितकं कमी देते, त्याला ऊन पाहिजे पण गरमी नको. धुळीचा थर बसला तर अजून कमी, म्हणून पहाटे पाण्यानं पुसून घ्यायचं, भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही.

आमचं म्हणणं एवढंच की आधी वरचं फ्रीज-पंखा-पट्टा करा. ते न करता सोलर लावणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं.

उन्हाळ्यात टीनाच्या शेडमध्ये बसवत नाही, कुलर तर चालूच असते.

टीनाला वरून पांढरा चुना मारा, त्यात थोडं फेविकॉल मिसळलं तर पहिल्या पावसापर्यंत टिकते. पांढरा टीन ऊन परत फेकते, आतला फरक तुम्हाला दुपारी तीन वाजता डोक्यावर कळतो. पैसे असतील तर यासाठी तयार पेंट पण मिळतो. कुलरवाले एक गोष्ट विसरतात, समोरच्या बाजूची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर तीच दमट हवा गोल फिरते, चिकचिक होते अन् पाणी फुकट जाते. वाळ्याची ताटी मिळत असेल तर लावा, वासही चांगला. दुकानासमोर कडुनिंब असेल तर तो तोडून बोर्ड दिसायला जागा करणारे लोक पण आम्ही पाहिलेत, त्यांना काय म्हणावं.

पन्नी बंद केली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. काऊन बंद करू?

कारण पहिलं म्हणजे बंदी आहे. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून हँडलवाल्या प्लॅस्टिक पिशव्या बंद आहेत, पहिल्या वेळेला ५ हजार दंड, दुसऱ्या वेळेला १० हजार, तिसऱ्या वेळेला २५ हजार अन् तीन महिन्यांपर्यंत जेल. १ जुलै २०२२ पासून देशभरात प्लॅस्टिकचे कप, प्लेट, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट हे पण बंद. गावात कोणी तपासायला येत नाही हे आम्हालाही माहीत आहे, पण तालुक्याच्या बाजारात येतात.

एकट्यानं बंद केलं तर गिऱ्हाईक जातेच, खोटं नाही बोलत. म्हणून हे काम लाइनीतल्या सगळ्या दुकानदारांनी एका तारखेपासून करायचं. बाजाराच्या दिवसापासून नको, त्या दिवशी गर्दी असते, भांडणं होतात, मधल्या दिवसापासून करा. गावातल्या बचत गटाकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घ्या, १० रुपये ठेवून घ्यायचे अन् पिशवी परत आणली की १० रुपये परत, अशी पद्धत चालते. दोन किलोच्या वरच्या मालाला पिशवीला डबल शिलाई सांगा नाहीतर रस्त्यात फाटली की साखर तुमच्या नावानं सांडते. कोरड्या सामानाला कागदी पुडी बांधता येणारे म्हातारे अजून आहेत गावात, पोट्ट्यांना शिकवा म्हणा.

कागदी चहाच्या कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ते खड्ड्यात टाकून कुजत नाहीत. टपरीवर काचेचा ग्लास अन् धुवायला गरम पाणी हेच बरं आहे, अन् स्वस्तही तेच.

लग्नाकार्यात, भंडाऱ्यात थर्माकोलच्या ऐवजी पळसाच्या पत्रावळी. आपल्याकडे पळसाला काय तोटा आहे का? पान उन्हाळ्यात तोडून, बांबूच्या काडीनं टाचून, वजनाखाली सपाट सुकवून ठेवलं की चांगले दिवस टिकते. वाढायच्या आधी पाण्याचा हलका शिंतोडा मारायचा, नाहीतर वाकवली की मोडते. केटरिंगवाल्यांनी बचत गटाला दोन महिने आधी ऑर्डर दिली तर मिळतात, पंगतीच्या आदल्या दिवशी फोन केला तर कसं जमणार.

माझा पानठेला आहे. घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्नीचं काय करायचं?

राज्यात २०१२ ला गुटखा बंद झाला अन् नंतर सुगंधित तंबाखू-सुपारीवरही बंदी आली, म्हणजे खर्रा विकणं हेच मुळात कायद्यात बसत नाही. पन्नी बदलून तो जबाबदार होत नाही. तोंडाच्या कॅन्सरची माणसं तुमच्या आमच्या गावात आहेत, नावं घ्यायला लावू नका. ठेल्यावर मीठा पान, चहा, चना-मुरमुरा, मोबाइल रिचार्ज असं काही काही वाढवत नेणारे लोक आहेत, धंदा एकदम नाही पडत पण एका महिन्यात भरूनही निघत नाही. एवढंच प्रामाणिक उत्तर आहे.

आमचं नाश्त्याचं हॉटेल आहे, समोसा-आलुबोंडा-तर्री पोहे. तेल कितीदा वापरायचं?

किती वेळा ते मोजून सांगता येत नाही, तेल कसं आहे ते बघावं लागते. एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी संस्था, तिचा नियम १ जुलै २०१८ पासून असा आहे की तेलातलं पोलर कंपाउंड (तळून तळून तेल खराब होते तसा वाढणारा भाग) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र महाग, आपल्याकडे कुठं असणार, म्हणून डोळ्यांनी ओळखा: तेल काळपट झालं, घट्ट चिकट झालं, फेस बसत नाही, लवकर धूर मारते, तर झालं त्याचं आयुष्य. सगळ्यात वाईट सवय म्हणजे जुन्यात नवं तेल ओतत राहणं, त्यानं नवंही लवकर खराब होते. तळताना मधेमधे बुडाला बसलेला चुरा झाऱ्यानं काढला, काम नसताना आच कमी केली तर तेल जास्त टिकते, हे फुकटात होते.

उरलेलं तेल नालीत टाकू नका अन् रस्त्यावरच्या दुसऱ्या ठेलेवाल्याला तर अजिबातच विकू नका. यापासून बायोडिझेल बनवणारे लोक गोळा करून नेतात, पण ते पाच लिटरसाठी गावात नाही येणार. चार-पाच हॉटेलवाल्यांनी मिळून एक कॅन भरा मग बोलवा.

पेपरात समोसा बांधून देणं बंद करा. शाई अन्नात उतरते, त्यात शिसं असू शकते, एफएसएसएआयनं २०१६ मध्ये अन् परत २०२३ मध्ये सांगितलंय. साधा कोरा कागद किंवा पळसाचं पान.

अन् हॉटेलात घरगुती लाल सिलिंडर वापरणं बेकायदेशीर आहे, १९ किलोचा कमर्शियल घ्यावा लागतो. महाग पडतो म्हणून तर सांगतो की बर्नर साफ ठेवा, ज्योत निळी पाहिजे, भांड्याचं बूड काळं होत असेल तर गॅस वाया जात आहे. तर्रीसाठी चणे-वाटाणे रात्री भिजवले तर सकाळी शिट्ट्या कमी लागतात, एवढं तर आपल्या आईला पण माहीत होतं.

गॅरेज अन् वॉशिंग सेंटरवाल्यांनी काय करावं?

इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल म्हणजे घातक कचरा. जमिनीवर ओतणं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावायला देणं, नालीत डासांसाठी टाकणं हे सगळं बंद. झाकणवाल्या ड्रममध्ये जमा करा, खाली सिमेंटचा कट्टा, अन् परवानावाल्या खरेदीदारालाच द्या, पावती घ्या. त्याचे पैसे मिळतात, म्हणून यात काही तोटा नाही. जुनी बॅटरी भंगारवाल्याला नाही तर डीलरला परत, आत शिसं अन् ॲसिड आहे, भंगारवाला ॲसिड कुठं ओततो ते एकदा बघून या. गाड्या धुता त्या पाण्याला आधी एक छोटी टाकी करा जिथं गाळ खाली बसेल अन् तेल वर तरंगेल, मग ते पाणी शोषखड्ड्यात. पण शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून अन् बोअरपासून लांब.

कृषी केंद्रवाल्याची जबाबदारी कुठपर्यंत? औषध विकलं, शेतकऱ्यानं कसं फवारलं ते मी कसं बघू?

या प्रश्नावर आम्ही जरा जास्त लिहितो, कारण विदर्भात जबाबदार धंदा म्हणायचा तर सगळ्यात आधी याचंच नाव घ्यावं लागते. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. कापसाची झाडं म्हणजे पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, दमट गरमी, अंगावर साधा शर्ट, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, असं सगळं जमून आलं. आता त्यात औषधं कालवायचा सल्ला कुठून आला? बहुतेक वेळा काउंटरवरून. शेतकरी कृषी सहायकाला वर्षातून किती वेळा भेटते, अन् तुम्हाला किती वेळा? तुमच्या तोंडचा शब्द त्याच्यासाठी डॉक्टरचा असतो, म्हणून.

काय करता येते ते सांगतो. जे लेबलवर लिहिलं आहे तेवढंच प्रमाण सांगायचं, आपल्या मनानं ‘डबल टाक, एका फवाऱ्यात काम होते’ म्हणायचं नाही. दोन औषधं मिसळायचा सल्ला लेबलमध्ये नसेल तर द्यायचा नाही. डब्यावरचा रंगीत त्रिकोण प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवायचा, लाल म्हणजे सगळ्यात जहरी, मग पिवळा, मग निळा, अन् हिरवा सगळ्यात कमी. मास्क अन् हातमोजे काउंटरवर समोर ठेवा, कोपऱ्यात नाही, अन् त्यावर नफा ठेवू नका, विक्री दुप्पट होते की नाही ते बघा. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, वाऱ्याच्या दिशेनं, उपाशीपोटी नाही, खर्रा तोंडात ठेवून तर नाहीच. रिकामा डबा तीनदा धुवून ते पाणी पंपातच ओतायचं, मग डब्याला भोक पाडायचं म्हणजे घरी त्यात कोणी तेल-रॉकेल भरणार नाही. मळमळ, घाम, डोळ्यांपुढं धूसर दिसणं झालं तर औषधाचा डबा किंवा लेबल घेऊन सरळ सरकारी दवाखाना, कारण डॉक्टरला कोणतं औषध ते कळलं तरच इलाज लागते. हा कागद छापून बिलाला टाचून द्या. अन् बिल द्याच, पक्कं.

मजूर फवारणारा वेगळा अन् औषध विकत घेणारा मालक वेगळा असतो हे विसरू नका. मालक सगळं ऐकून जातो अन् शेतात फवारा दुसऱ्याच्या पाठीवर असतो.

चोर बीटीचं पण बोलून टाकू. परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं जूनच्या आधी थैल्यांमध्ये फिरते, तुम्ही नाही विकलं तर दुसरा विकते हे खरं. पण उगवलं नाही तर शेतकऱ्याकडे पावती नसते, तक्रार करायला जागा नसते, अन् दुबार पेरणीचा पैसा तो तुमच्याकडूनच उधार मागते. मग तुम्हाला काय मिळालं?

मी खेडा खरेदी करतो, कापूस-सोयाबीन. माझ्यासाठी काही?

काटा. वजनकाट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा दरवर्षीचा शिक्का असला पाहिजे, अन् शेतकऱ्याला आकडा दिसेल असा काट्याचा डिस्प्ले त्याच्याकडे वळवून ठेवा. कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर असला की सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) भाव कमी करते अन् १२ च्या वर घेतच नाही, तर तुम्ही पण ओलावा मशीननं मोजून दाखवा अन् मग कटती लावा. हातात कापूस दाबून ‘ओला हाय’ म्हणून क्विंटलमागं दोन-तीन किलो कापणं ही चोरीच आहे, त्याला धंदा म्हणू नका. पैसे त्याच दिवशी किंवा लिहून दिलेल्या तारखेला.

हंगाम झाल्यावर पऱ्हाटी शेतात जाळतात. तिच्या कांड्या म्हणजे ब्रिकेट बनतात, बॉयलरला चालतात, नागपूरला सिरकॉट या सरकारी कापूस संशोधन संस्थेच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात यावर काम झालंय. एकट्या खरेदीदाराला मशीन परवडत नाही, शेतकरी कंपनी असेल तर तिच्यासोबत बघा.

आम्ही मोह, तेंदू, बांबूवर जगतो. जंगल वाचवा म्हणता तर खायचं काय?

जंगल वाचवून कमवणं आपल्याकडेच करून दाखवलंय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूची वाहतूक परवानगी ग्रामसभेच्याच हाती आली अन् गावानं स्वतः बांबू विकला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. वनहक्क असलेल्या गावात खरेदी करायची तर ग्रामसभेकडून करा, परस्पर नाही.

मोहफुलं वेचायला झाडाखाली पालापाचोळा जाळतात, त्यातून वणवा लागते अन् लहान रोपं जातात. त्याऐवजी झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या बांधा, फुलं स्वच्छ मिळतात, मातीची नसतात म्हणून भाव पण बरा येते. चारोळी कच्ची तोडू नका, आधी मी तोडतो नाहीतर दुसरा तोडेल या घाईत सगळ्यांचं नुकसान होते, तारीख ग्रामसभेत ठरवा.

शेताच्या बांधावरचा बांबू २०१७ पासून कायद्यानं झाड राहिला नाही, म्हणजे जंगलाबाहेरचा बांबू तोडायला-न्यायला वनखात्याचा जुना त्रास नाही. बांबूच्या वस्तू बनवायचं प्रशिक्षण चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या केंद्रात आहे, मेळघाटात लवाद्यालाही या कामाची चांगली परंपरा आहे.

कामावर दोनच माणसं आहेत, त्यांच्यासाठी काय करायचं असते?

पीएम सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. बँकेत फॉर्म भरून तुम्हीच भरा ते वीस रुपये, दिवाळीचा बोनस समजा. जीवन ज्योती ४३६ रुपयांचा आहे, तोही जमला तर बघा.

१४ वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवायचं नाही, बंदच आहे, १८ पर्यंत धोक्याचं काम द्यायचं नाही. ‘घरचं गरिबीचं आहे म्हणून ठेवलं’ असं सगळे म्हणतात, अन् मग त्याच्या बापाला का नाही ठेवत? एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जाते तेव्हा १२ ते ४ बाहेरचं काम बंद, सकाळी ६ ला सुरू करा. माठाचं पाणी, ताक, कांदा, सावली. किमान वेतन द्या अन् मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी द्या, कारण बाजाराच्या दिवशी हातात पैसा नसला की मजूर बाई सावकाराकडे जाते. उचल दिली असेल तर वहीत तिच्यासमोर लिहा अन् तिला वाचून दाखवा. बाया कामाला असतील तर संडासाची सोय आधी, सीसीटीव्ही नंतर.

पाकिटावर ‘ऑरगॅनिक’ लिहिलं तर चालते का? विकते लवकर.

सर्टिफिकेट असेल तर लिहा, पीजीएस (शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची शेतं तपासून दिलेलं) किंवा त्रयस्थ संस्थेचं. नसेल तर जे खरं आहे ते लिहा: ‘रसायन न टाकता, अमुक गावच्या शेतातलं’. तेही विकते, अन् पुढं कोणी विचारलं तर शेत दाखवता येते. तसंच बाहेरची हळद वायगाव म्हणून, कुठलीही मिरची भिवापुरी म्हणून नाही विकायची. या दोन्हीला, अन् नागपुरी संत्र्यालाही, भौगोलिक मानांकन आहे. ‘इको-फ्रेंडली’ लिहून पाकीट मात्र चकचकीत प्लॅस्टिकचं, हे तर आजकाल फारच पाहून राहिलो.

सर्टिफिकेट, योजना, कर्ज यातलं खरंच काय कामाचं?

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधारवर होते. सेवा केंद्रवाल्यानं टाइप करायचे पन्नास-शंभर मागितले तर ठीक, दोन हजार मागितले तर उठून या. यानंतर झेड सर्टिफिकेट बघा, म्हणजे दोष नाही अन् पर्यावरणावर वाईट परिणाम नाही या विचाराचं. माल बनवणाऱ्यांसाठी आहे, ब्रॉन्झ-सिल्व्हर-गोल्ड अशा पायऱ्या, सूक्ष्म उद्योगाला फीमध्ये ८० टक्के सूट असं २०२२ ला ठरलं, महिलांच्या उद्योगाला पूर्ण सूट त्यानंतर आली. ब्रॉन्झपर्यंत जा, त्यासाठी जी नोंदवही ठेवावी लागते तीच कामाची आहे, फ्रेम करून लावायचा कागद नाही.

सुतार, लोहार, कुंभार, बुरुड यांना पीएम विश्वकर्मा, १५ हजारांचं टूलकिट, ५ टक्के व्याजानं आधी १ लाख मग २ लाख कर्ज. नवीन धंद्याला पीएमईजीपी, ग्रामीण भागात २५ किंवा ३५ टक्के अनुदान. अनुदानासाठी मशीन घेऊ नका, मशीनची गरज असेल तर अनुदान घ्या. गावोगावी शेडमध्ये पडलेल्या मशिनी बघितल्या की समजते.

आणखी एक, मोठ्या कंपनीला माल बनवून देत असाल अन् उद्यम नोंदणी असेल तर लेखी करार असल्यास ४५ दिवसात, नसल्यास १५ दिवसात पैसे मिळायला पाहिजेत. हा नियम नुसत्या व्यापाराला लागत नाही. अन् तुम्ही स्वतः बचत गटाचे पापडाचे पैसे तीन महिने थकवले असतील तर तेही आठवा.

हे सगळं केलं तरी गिऱ्हाईक एक रुपया जास्त देत नाही.

नाही देत. आपल्याकडे दिवसाची मजुरी अन् तेलाचा भाव बघता देणारही नाही, अन् त्याचा राग धरायचं कारण नाही. म्हणून भाव वाढवायच्या भरवशावर यातलं काहीच करू नका. नागपूर-अमरावतीला किंवा ताडोबाच्या रस्त्यावर विकणारे असाल तर थोडा फरक पडतो, तिथले लोक पत्रावळ पाहून फोटो काढतात. गावात मात्र काटा बरोबर आहे अन् माल ताजा आहे एवढ्यावरच गिऱ्हाईक टिकते.

अजून काही विचारायचं तर कुठं जाऊ?

योजना अन् कर्जाला जिल्हा उद्योग केंद्र. डाळ-मिरची-संत्र्याच्या प्रक्रियेला जवळचं कृषी विज्ञान केंद्र, छोटी दाल मिल पाहायची तर अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, त्यांची मिनी दाल मिल विदर्भात बऱ्याच ठिकाणी चालू आहे. खादी, तेलघाणी, साबण, शेणाच्या वस्तू यासाठी वर्ध्याची मगनवाडी. महिलांच्या गटानं उमेद किंवा माविमच्या ताईंना आधी विचारावं, त्यांना गावातलं सगळं माहीत असते. ऑफिसात सोमवारी जाऊ नका, मीटिंग असतात, अन् जेवणाच्या सुट्टीच्या आधी पोहोचा. सोबत विजेची जुनी बिलं, उद्यमचा कागद अन् बँक पासबुकची झेरॉक्स ठेवा, दुसऱ्या चकरेचं भाडं वाचते.